खड्डे मुंबईचे, स्प्रिंग कुणाची?

मुंबईत ऋतू चार. उन्हाळा, पावसाळा, खड्डे आणि खड्डे बुजवणे. हिवाळाही येतो म्हणतात, पण हॉस्टेलवर अजून कुणी पाहिलेला नाही!

यातल्या तिसऱ्या ऋतूत, जुलैच्या एका संध्याकाळी, माझा रूम पार्टनर साकीनाक्याला पाण्याने भरलेल्या खड्ड्यात सायकलसकट गेला आणि हनुवटीला चार टाके घालून परत आला. व्हायब्रेशनचा पेपर देऊन (आणि कसाबसा सुटूनही) जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्यानंतरच्या महिनाभरात शिरलं. ते तुमच्यापर्यंत पोचवावं, म्हणून हा लेख.

आधी पात्रपरिचय. पार्टनरचं वजन ५४ किलो. मेसचं जेवण बघता यात आश्चर्य काहीच नाही. तो आठवड्यातून चार दिवस अंधेरीहून घाटकोपरला दहावीच्या मुलांना गणित शिकवायला जातो आणि त्या पैशांवर त्याचं मेसचं बिल भागतं. "मेट्रो आहे की!" असं तुम्ही म्हणाल. आहे ना, २०१४ पासून आहे. पण त्याचं एक घर असल्फ्याच्या चढावर आणि दुसरं पार पंतनगरला. म्हणून त्याने सेकंडहँड इलेक्ट्रिक माउंटन बाइक घेतली. वजन २३ किलो, मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी, पुढे १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा स्प्रिंगचा फोर्क आणि मागे सस्पेन्शन काहीच नाही. अशा सायकलला हार्डटेल म्हणतात. आमच्या विंगमध्ये तिचं नाव 'रणगाडा'.

टाके पडल्यावर घरून फोन आला, "विकून टाक ती सायकल." विकली तर ट्यूशन गेल्या, आणि ट्यूशन गेल्या तर मेस गेली. मग त्याने जर्नलच्या पाठकोऱ्या कागदावर यादी केली. एक, पुढे १४० मिलिमीटरचा नवा फोर्क. दोन, फ्रेम कापून, वेल्डिंग करून मागे शॉक अॅब्सॉर्बर. तीन, जाता जाता ५०० वॉटचा कंट्रोलर. "खड्ड्यातून पटकन बाहेर पडता आलं पाहिजे ना!" एकूण खर्च मेसच्या सहा-सात महिन्यांच्या बिलाइतका.

ही यादी घेऊन आम्ही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मामांकडे गेलो. मामांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "पोरांनो, आत्ता आहे तो फोर्क किती दबतो?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

"मग जे मोजलंच नाही ते बदलताय कशाला?"

सस्पेन्शन करतं काय?

सायकलला पहिलं सस्पेन्शन मिळालं ते टायरच्या रूपात. बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने १८८७ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला. रबरात कोंडलेली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डोंगरउतारांवर सायकली हाणणाऱ्यांना तेवढ्याने भागेना, आणि १९८९ साली रॉकशॉक्सचा 'आरएस-१' हा सस्पेन्शन फोर्क बाजारात आला. मोटरसायकलच्या फोर्कचं तत्त्व सायकलवर आणलेलं. आज रणगाड्याच्या पुढच्या दोन नळ्या दिसतात, त्या याच घराण्यातल्या.

फोर्कमध्ये दोन कामं चालतात. स्प्रिंग खड्ड्याचा धक्का साठवून घेते. पण साठवलेलं परत करणं हाही स्प्रिंगचा धर्म. ती उलटी उसळते. म्हणून सोबतीला डॅम्पर लागतो. तेलाला बारीक भोकातून जायला लावायचं आणि धक्क्याच्या ऊर्जेची उष्णता करून टाकायची, हे त्याचं काम. स्प्रिंग म्हणजे उधार देणारा दुकानदार, तर डॅम्पर म्हणजे वसुली एकदम न करता हप्त्याहप्त्याने करणारा भला माणूस. स्वस्त फोर्कमध्ये बऱ्याचदा हा भला माणूस नसतोच. नुसती स्प्रिंग आणि ग्रीस. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार द्या आणि सोडा. फोर्क एकदा वर येऊन शांत बसला तर ठीक, डुगडुगत राहिला तर डॅम्पिंग नावापुरतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. कंपनी फोर्क बनवते तेव्हा त्यावर कोण बसणार हे तिला माहीत नसतं. एका सरासरी माणसाच्या वजनाला धरून स्प्रिंग टाकलेली असते. त्या सरासरीपेक्षा तुम्ही बरेच हलके असाल तर फोर्क दबणारच नाही आणि बरेच जड असाल तर दबून तळाला टेकेल. म्हणजे सायकलवर स्प्रिंग आहे का, हा प्रश्नच नाही. ती कुणाची आहे, हा प्रश्न आहे.

सॅग: दहा मिनिटांचं प्रॅक्टिकल

यासाठी लागतो एक केबल टाय, एक पट्टी आणि एक मित्र. फोर्कच्या आतल्या चकचकीत नळीवर केबल टाय बांधा, सरकेल इतपत सैल. तो खाली रबरी सीलला टेकवा. रोजची सॅक पाठीवर घेऊन सायकलवर हळूच बसा. मित्राने सायकल धरावी, पाय पेडलवर, नेहमीसारखं बसायचं, उड्या नाहीत. मग तितक्याच हळू उतरा. टाय सीलपासून जितका वर सरकला तितका तुमचा सॅग, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो ते.

सर्वसाधारण वापराला हा सॅग एकूण ट्रॅव्हलच्या २० ते २५ टक्के असावा. १०० मिलिमीटरच्या फोर्कला २० ते २५ मिलिमीटर. फोर्क थोडा दबलेला कशाला हवा? कारण खड्डा म्हणजे जमीन अचानक खाली जाणं. चाकाने जमिनीला चिकटून राहायचं तर फोर्कला लांबही होता आलं पाहिजे. आधीच पूर्ण ताणलेला फोर्क आणखी लांब कसा होणार? मग चाक हवेत तरंगतं आणि खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर जाऊन आदळतं.

पार्टनरचा सॅग आला ९ मिलिमीटर!

शंभरातले नऊ. पेपरात पडले असते तर केटी लागली असती. साकीनाक्याला काय झालं याचा उलगडा इथे झाला. त्याच्यासाठी तो फोर्क जवळजवळ लोखंडी दांडाच होता. आठ-नऊ किलोमीटर हादरे खाऊन हात बधिर झालेले, त्यात खड्डा आला आणि हँडल हातातून सुटलं.

फोर्कच्या डोक्यावर एक नॉब असतो, प्रीलोडचा. तो कुणीतरी पूर्ण आवळून ठेवला होता. 'आवळलं की मजबूत' हा आपल्याकडचा जुना समज. खरं म्हणजे प्रीलोडने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. आपण फक्त तिला आधीच थोडी दाबून ठेवतो, त्यामुळे तिला आणखी दाबायला सुरुवातीलाच जास्त जोर लागतो. साध्या सरळ स्प्रिंगमध्ये प्रीलोड जितके मिलिमीटर कमी कराल तितकाच सॅग वाढतो. नॉब पूर्ण सैल केला, ८ मिलिमीटर मिळाले. सॅग १७. खर्च शून्य रुपये.

मग मामांनी फोर्क खोलायला लावला. खालचे दोन बोल्ट एलन कीने सोडवले आणि बाहेरचे पाय खाली ओढले. आतून निघालं ते ग्रीस नव्हतं, कँटीनमधली थंड झालेली कॉफी होती! दोन पावसाळ्यांचं पाणी, चिखल आणि ग्रीस यांचं मिश्रण. अशा चिखलाने नळ्या एकमेकींना धरून ठेवतात. लहान धक्क्याला फोर्क हलतच नाही आणि मोठ्याला एकदम खचकन दबतो. सगळं पुसलं, सील साफ केलं, सस्पेन्शनसाठी मिळतं ते ग्रीस लावून पुन्हा जोडलं. शेवटी त्याच फोर्कची एक नंबर मऊ स्प्रिंग मागवून बसवली आणि प्रीलोड थोडा जुळवला. सॅग २२. फोर्क तोच. फक्त आता तो पार्टनरचा झाला होता.

हवा: सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन

डनलॉपला विसरू नका. रणगाड्याच्या टायरच्या बाजूला छापलं होतं, ३० ते ६५ पीएसआय. भरलेली हवा ६०. कारण हवा भरणारा अंगठ्याने दाबून बघतो आणि "टाइट झाली" म्हणतो. ५४ किलोच्या माणसाला २.१ इंच रुंद टायरमध्ये इतकी हवा कशाला? आम्ही पुढे ३४ आणि मागे ३८ ठेवली. मागे जास्त, कारण भार मागे जास्त आणि मोटरही मागे.

पण हवा कमी करण्यालाही मर्यादा आहे. फार कमी केली तर खड्ड्याची धार टायर पार दाबून रिमला भिडते. ट्यूब मध्ये चिमटीत सापडते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी. तेव्हा दोन-दोन पीएसआयने खाली या, रोजचा रस्ता फिरून बघा आणि टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली कधीच जाऊ नका. स्वतःचा गेजवाला पंप ठेवा. अख्ख्या विंगेत एक पुरतो.

मागच्या चाकाचं दुखणं

आता यादीतला दुसरा नंबर. फ्रेम कापून मागे शॉक बसवणं. मामा एरवी कशालाही "बघू" म्हणतात. इथे थेट "नाही" म्हणाले.

कारण ऐका. रणगाड्याची फ्रेम अॅल्युमिनियमची आहे. सायकलींत बऱ्याचदा ६०६१ हा मिश्रधातू वापरतात आणि त्याची ताकद उष्णतेच्या संस्कारातून आलेली असते. त्या संस्काराचं नाव टी-६. मटेरियल सायन्सच्या पुस्तकात तुम्ही 'एज हार्डनिंग' वाचलं असेल, तेच. वेल्डिंग केलं की जोडाच्या आजूबाजूच्या पट्ट्यातला तो संस्कार उतरतो आणि तिथली ताकद निम्म्याच्या आसपास येते. कारखान्यात वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत घालून तो संस्कार परत देतात. आपल्या वर्कशॉपमध्ये ती सोय नाही. शिवाय पिव्हट कुठे असावा, साखळीच्या ओढीने मागचा भाग दबेल की उचलेल, हे गणित फ्रेम काढतानाच करावं लागतं. हार्डटेलची फुल सस्पेन्शन होत नाही. हवी असेल तर तशीच विकत घ्या.

हब मोटरवाल्या सायकलीत मागच्या चाकाचं दुखणं मुळात मोठं असतं. तीनेक किलोची मोटर चाकाच्या मधोमध बसलेली. चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा हे वजनही आपटतं, आणि त्याच्या व रस्त्याच्या मध्ये स्प्रिंग म्हणून फक्त टायर असतो. धक्का रिम आणि स्पोक्सना बसतो. यालाच आपण पुस्तकात 'अनस्प्रंग मास' म्हणतो. महागड्या फुल सस्पेन्शन सायकलींत मोटर पेडलपाशी असते, त्याचं एक कारण हेच. तिथे ती स्प्रिंगच्या वर राहते आणि चाक हलकं राहतं.

मग आपण करायचं काय? तीन गोष्टी. स्पोक्स महिन्यातून एकदा चिमटीत धरून बघा, सैल झालेले कसून घ्या. फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना जागा असेल तर मागे थोडा रुंद टायर घाला. आणि पाठीसाठी सस्पेन्शन सीटपोस्ट बसवा. ही सीटखालची नळी ४०-५० मिलिमीटर दबते. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेची ४ ते ८ हर्ट्झची कंपनं सगळ्यात जास्त जाणवतात. सीटपोस्ट चाकाला वाचवत नाही, पण पाठीला वाचवते. घेताना दोन आकडे बघा. जुन्या नळीवर कोरलेला व्यास (२७.२, ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटर) आणि तुमच्या वजनाची स्प्रिंग. पुन्हा तेच! व्यास एकाचा आणि स्प्रिंग भलत्याची आणलीत तर पुन्हा नऊ मिलिमीटरवर येऊन बसाल.

आणि नवा फोर्क घ्यायचाच असेल तर?

घ्या की. एअर फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा असते आणि छोट्या पंपाने ती तुमच्या वजनाला जुळवता येते. ५४ किलोवाला आणि ८५ किलोवाला दोघांनाही तोच फोर्क चालतो. मात्र सीलची देखभाल जास्त, आणि आपला पावसाळा सीलचा वैरी.

पण ट्रॅव्हलच्या मोहात पडू नका. १०० च्या जागी १४० चा फोर्क लावला की पुढची बाजू ४० मिलिमीटरच्या आसपास उचलली जाते. साधारण हिशेब असा, दर २० मिलिमीटरला हँडलच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने मागे झुकतो. म्हणजे इथे दोन अंश. सायकल वळायला आळशी होते, चढावर पुढचं चाक हलकं पडतं, आणि लांब फोर्कचा तरफेसारखा जोर फ्रेमच्या डोक्यावर येतो. फ्रेम ज्या लांबीसाठी बनली आहे त्याच्या फार पुढे जाऊ नये.

दुकानात जाण्याआधी वहीत लिहून न्या. वरची नळी सरळ २८.६ मिलिमीटरची आहे की खाली जाड होत जाणारी? चाकाचा एक्सल ९ मिलिमीटरचा क्विक रिलीज की १५ चा आरपार? डिस्क ब्रेकचं कॅलिपर कुठे बसतं? यातलं एक चुकलं तरी फोर्क घरी शोभेला. आणि बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. ब्रेकची केबल आणि हेडलाइटची वायर ताणली जाता कामा नये.

पॉवरचा मोह

यादीतला तिसरा नंबर, ५०० वॉट. खरं सांगायचं तर विंगेतल्या सगळ्यांना यातच जास्त रस होता!

आधी कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची तीस मिनिटांची पॉवर ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, मोटरच्या मदतीने मिळणारा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत आणि मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी पास, अशी सायकल 'मोटार वाहन' धरली जात नाही. पुण्याची एआरएआय ही अशीच एक चाचणी संस्था. म्हणून तिला लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. मोठा कंट्रोलर लावला की ही सवलत संपली. रस्त्यावर जाते ती विनानोंदणीची, विनाविम्याची मोटार. एखाद्या आजोबांना धक्का लागला तर "सायकल होती हो" हे म्हणणं टिकणार नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी भौतिकशास्त्र सोडत नाही. माणूस, सायकल आणि सॅक मिळून ८२ किलो धरा. ताशी २५ ला गतिज ऊर्जा साधारण २००० ज्यूल, ४० ला सुमारे ५१००. अडीच पट. ब्रेक तेच, टायर तेच, ओला रस्ता तोच. आणि खड्डा दिसल्यापासून खड्ड्यात जाईपर्यंतचा वेळ कमी.

तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. हब मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तिचा एक्सल तितक्याच जोराने उलटा फिरू पाहतो. न्यूटनचा तिसरा नियम. एक्सलच्या दोन बाजू चपट्या केलेल्या असतात, साधारण १० मिलिमीटर अंतरावर, आणि फ्रेमच्या खाचेत अडकून त्या हा जोर सोसतात. टॉर्क ४० न्यूटन-मीटर धरला तर ४० भागिले ०.०१, म्हणजे ४००० न्यूटन. चारशे किलोचा भार, त्या दोन इवल्याशा कडांवर! कंट्रोलर बदलून करंट वाढवला की टॉर्क वाढतो आणि खाच उमलायला लागते. एक्सल फिरला की मोटरची वायर पिळवटून तुटते आणि चाकही निसटू शकतं.

म्हणूनच तिथे दातवालं वॉशर असतं, काही सायकलींना टॉर्क आर्म नावाची पट्टीही असते. मामांनी सहज म्हणून मागचं नट बघितलं तर एका बाजूचं वॉशर गायब! मागे कधीतरी पंक्चर काढताना राहून गेलं असणार. पार्टनर महिनोनमहिने तसाच असल्फ्याचा चढ चढत होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा गप्प झाला. ५०० वॉटचं नाव नंतर कुणी काढलं नाही. तुम्हीही पंक्चर काढून झालं की नट, वॉशर मोजून घ्या आणि वॉशरचा दात खाचेत बसलाय का ते डोळ्यांनी बघा.

तशीच एक सूचना ब्रेकची. बऱ्याच ई-बाइकच्या ब्रेक लिव्हरमध्ये छोटा स्विच असतो, लिव्हर दाबताच मोटर बंद करणारा. चांगले हायड्रॉलिक ब्रेक जरूर घ्या, पण साधे लिव्हर लावले तर हा स्विच जातो आणि तुम्ही ब्रेक दाबत असताना मोटर ढकलत राहू शकते. स्विचवालेच लिव्हर घ्या, किंवा स्विच वेगळा बसवून घ्या.

आणि बॅटरी. "दुसरी बॅटरी पॅरलल लावू, रेंज डबल" असं सुचवणारे विंगेविंगेत आहेत. ३६ व्होल्टचा पॅक पूर्ण भरला की ४२ व्होल्ट असतो. तो ३६ वर उतरलेल्या दुसऱ्या पॅकला थेट जोडला तर फरक ६ व्होल्टचा. एकूण रोध ०.२ ओहम धरला तर क्षणात ३० अँपिअर वाहतील. लिथियम-आयनला असं चार्जिंग सोसत नाही. असले प्रयोग हॉस्टेलच्या खोलीत नकोत. त्या भिंतीपलीकडे आणखी माणसं झोपलेली असतात. चार्जर सायकलसोबतचाच, चार्जिंग जागेपणी, आणि पावसात भिजलेली बॅटरी आधी पुसून वाळवून मगच.

आरेतली परीक्षा

गणेशोत्सवाच्या आधीच्या रविवारी आम्ही पहाटे गोरेगावहून आरेच्या रस्त्याने पवईच्या बाजूला निघालो. हा रस्ता निवडला, कारण चढ-उतार, गतिरोधक, खड्डे असा सगळा सिलॅबस तिथे एकत्र मिळतो. (बिबट्या ऑप्शनला टाकला होता.) केबल टाय फोर्कवर तसाच. एकाच तुकड्यावर दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत मुद्दाम जुनी कडक स्प्रिंग, आवळलेला प्रीलोड आणि ६० पीएसआय हवा. मग वडाच्या झाडाखाली बसून सगळं बदललं आणि दुसरी फेरी. पहिल्या फेरीत टाय ४१ मिलिमीटरवर थांबला होता, दुसऱ्या फेरीत ७६ वर. म्हणजे आधी शंभरातले साठ मिलिमीटर नुसते सोबत फिरायला येत होते! आता फोर्क काम करत होता आणि तळालाही टेकत नव्हता. पार्टनरला आकडे नको होते. त्याने हाताची मूठ उघडझाप करून दाखवली. मुंग्या नव्हत्या.

एकूण खर्च म्हणजे एक मऊ स्प्रिंग, एक ग्रीसची डबी, एक वॉशर, गेजवाला पंप आणि सीटपोस्ट. नव्या फोर्कच्या किमतीपेक्षा खूपच कमी. उरलेल्या पैशांतून त्याने चांगलं हेल्मेट आणि मागचा लाल दिवा घेतला आणि मेसचं बिल वेळेवर भरलं. मेसवाल्या काकांनी पावती दोनदा तपासली म्हणतात.

मुंबईत महापालिकेने २०२३ पासून रस्त्यांचं सिमेंटीकरण मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. खड्डे बुजतील, न बुजतील. ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात केबल टाय आहे. बदल करण्यात वाईट काहीच नाही, आपण इंजिनिअर लोक, हात शिवशिवणारच! पण आधी आहे ते मोजायचं, मग साफ करायचं, मग जुळवायचं आणि एवढं करूनही भागलं नाही तरच नवं आणायचं. हा क्रम उलटा केला की पैसे जातात, आणि कधी कधी हनुवटीही.

दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघं हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर असतो. पट्टी, पंप आणि केबल टाय आमचे. सायकल साधी असो की इलेक्ट्रिक, घेऊन या. चहा मात्र तुमच्याकडून. आणि पार्टनरच्या हनुवटीकडे बघून हसू नका. तो म्हणतो, "ही खूण नाही रे, ही सॅगची रीडिंग आहे!"